बंदी आली की सुटेल म्हणता?

माझ्याकडे समुपदेशनासाठी तंबाखू सोडायला आलेल्यांच्या तोंडचं एक वाक्य आता पाठ झालं आहे. "सरकार बंदी का घालत नाही? दुकानात मिळालीच नाही तर कोण खाईल?" या प्रश्नात राग कमी आणि काळजी जास्त असते. कुणी बाहेरून अडवल्याशिवाय माझ्याकडून हे सुटणार नाही, अशी ती काळजी.

आपल्याकडे हा प्रश्न सिगारेटपेक्षा तंबाखू-चुन्याचा आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि 24.4 टक्के बिनधुराची तंबाखू वापरणारे. म्हणून हा अनुभवही चघळणाऱ्याचाच. ओळख पटू नये एवढा तपशील बदलला आहे, आणि बऱ्याच बैठका चार-दोन संवादांत आणल्या आहेत.

इचलकरंजीकडचे यंत्रमाग कामगार, पंचेचाळिशीतले. बारा तासांची पाळी. मागाच्या खात्यात सुताची धूळ उडत असते, तिथे काडी पेटवता येत नाही, त्यामुळे विडी ओढणाराही तिथे पुडीवर येतो. यांचे दिवसाला बारा-चौदा बार, म्हणजे मळून गालात धरलेल्या तंबाखूच्या चिमटी. पहिला सकाळी उठल्या उठल्या, तोंड धुवायच्या आधी.

"मॅडम, पुडी बंद करा म्हणावं सरकारला. एका दिवसात सुटंल माझी."

"लॉकडाऊनमध्ये दुकानं बंदच होती की. तेव्हा काय केलंत?"

"मिळवली. दहाची पुडी पन्नासला घेतली. निपाणीला मेव्हणा हाय, त्यानं बी पाठवली."

"मध्ये खंड पडलाच नाही?"

"पडला की एकदा. चार-पाच दिवस कायच मिळंना. पयले तीन दिवस तर डोस्कं फिरलं. बायकोवर वरडलो, झोप न्हाई, परसाकडं हुईना."

"आणि चौथ्या दिवशी?"

ते थांबले. हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारला नसावा, त्यांनी स्वतःलाही नाही.

"चौथ्या दिवशी दुपारी झोपलो. चांगला दोन तास."

"मग मेव्हण्याची पुडी आली, तेव्हा तलफ होती?"

"तलफ न्हवती ओ. आली म्हणून खाल्ली."

हे बोलून ते स्वतःच हसले आणि मग एकदम गप्प झाले. त्या गप्प बसण्यात मी लगेच काही बोलत नाही. निकोटिनची ओढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरते, हे मी सांगितलं असतं तर ते व्याख्यान झालं असतं. आता ते त्यांच्या स्वतःच्या आठवणीतून आलं होतं. मी फक्त एवढंच म्हटलं, "म्हणजे सगळ्यात अवघड भाग तुम्ही एकदा पार केलाय, आणि तोही कसल्याही मदतीशिवाय." माणूस बदलतो तो स्वतःच्या तोंडून निघालेल्या कारणामुळे, या मतावर मी बरीच वर्षं ठाम आहे. भीती घालून खुर्चीत बसवता येतं, सोडवता येत नाही.

बंदीच्या प्रश्नाला मी बगल देत नाही, कारण तो प्रश्न खरा आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. विकणाऱ्यांनी काय केलं? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत. गिऱ्हाईक हातावर एकत्र करून घेतं. भूतानने 2004 मध्ये विक्रीच बंद केली. भारतातून चोरटा माल जातच राहिला आणि 2021 मध्ये बंदी उठवली. न्यूझीलंडने 2022 मध्ये वेगळा कायदा केला, 1 जानेवारी 2009 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ओढायची तंबाखू कधीच विकायची नाही असा. तो अमलात येण्याआधीच 2024 मध्ये रद्द झाला. मला विचाराल तर या सगळ्यांत न्यूझीलंडची कल्पना शहाणपणाची होती. पण नीट बघा, त्यातही आज पंचेचाळिशीत असलेल्या माणसाची पुडी सुटत नव्हती. तो कायदा त्याच्या पोरासाठी होता. बंदीने नवा माणूस या वाटेला लागणं कमी होऊ शकतं; लागलेल्याला सोबत उपचार लागतात.

"तुमच्या घरी पुडी कोण आणतं?" मी विचारलं.

"पोरगं. दहावीला हाय."

अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे, शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत विक्रीलाही. जी बंदी ते सरकारकडे मागत होते, त्यातली एक त्यांच्याच घरातून रोज मोडली जात होती. हे मी शब्दांत मांडलं नाही. पुढच्या भेटीत म्हणाले, "पोराला आता धाडत न्हाई."

आता कामाचं. सोडण्याची तारीख ठरवण्याआधी पाच दिवस प्रत्येक बार कागदावर: वेळ, जागा, कुणी मळली. यांच्या कागदावर दिसलं की खऱ्या तलफेचे बार दोनच, सकाळी संडासाआधीचा आणि रात्रपाळीत दोन-तीनच्या सुमाराचा. बाकीचे शेजारच्या मागावरून तळहात पुढे आला म्हणून. मळलेली तंबाखू सहसा कुणी एकटा खात नाही. म्हणून जोडीदाराला आधी सांगायचं, तेही स्पष्ट: "मला हात करू नकोस, आणि मला मळायला सांगू नकोस." दुसरं वाक्य महत्त्वाचं. मळून दिल्यावर बोटाला लागलेली तोंडात जाते.

"हळूहळू कमी करतो" हे बहुतेकांचं फसतं. बार निम्मे केले की उरलेला प्रत्येक बार मोठा होतो आणि गालात जास्त वेळ राहतो. त्यात चुन्याने तंबाखूचा अल्कधर्मीपणा वाढतो, तसं निकोटिन तोंडाच्या त्वचेतून भराभर शोषलं जातं. त्यामुळे संख्या कमी दिसते, मात्रा तेवढीच राहते.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल तर निकोटिनची च्युइंगम 4 मिलिग्रॅमची लागते, नाहीतर 2 पुरते. 2 ची औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, 4 साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ही गम सतत चघळायची नसते, आणि इथेच बहुतेक चुकतात. थोडी चावायची, तिखट झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायची, झणझण गेली की पुन्हा चावायची. अर्धा तास असं. भराभर चावली तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. मग उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस म्हणतो गम सोसत नाही. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं, तोंड आंबट असेल तर ती शोषली जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन दर चार-आठ तासांनी. गरोदरपण असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पोट साफ होत नाही, ही आपल्याकडची मोठी अडचण, आणि ती थाप नाही. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते. ते थांबलं की काही दिवस मलावरोध होतो. रात्री झोपताना चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात, सकाळी दोन पेले कोमट पाणी आणि थोडं चालणं. यांचं दोन आठवड्यांत सुरळीत झालं. या एका कारणासाठी पुन्हा पुडीकडे वळलेले खूप असतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, लवंग, ओवा चालेल. सुपारी नाही, मावा नाही, बायकांनी मिश्री नाही. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोग करते आणि तिच्यामुळेच तोंड उघडेनासं होतं.

रात्रपाळीतल्या तलफेने सर्वांत जास्त दमवलं. दोनच्या आधी गम, तोंडावर पाणी, मागाभोवती फेरी. ओढ काही मिनिटांत उतरते, तेवढी काढायची. महिनाभरानंतर एका लग्नात त्यांनी एक बार भरला आणि दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्याने आले, सगळं संपलं म्हणून. एका बाराने आठवडे वाया जात नाहीत. दुसरा किती तासांत भरला, हे मी विचारते. त्यांनी भरलाच नव्हता.

जवळ समुपदेशक नसेल तर 1800-112-356 ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, आणि जिल्हा रुग्णालयात तंबाखू मुक्ती केंद्राची चौकशी करावी. तिथे गेल्यावर तोंडही तपासून घ्या. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते बघा. बार ठेवायची जागा ओठ ओढून आरशात पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तिखट सोसेनासं होणं, यातलं काहीही दिसलं तर सोडण्याच्या तारखेची वाट न पाहता आधी दंतवैद्याकडे जा.