सोरायटिक संधिवाताची 'लक्षणे', 'खुणा' की 'निदर्शक'?

मिरजेच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सोरायटिक संधिवाताच्या, म्हणजे सोरायसिस या त्वचारोगाशी जोडलेल्या संधिवाताच्या, रुग्णांसाठी त्या मराठीत माहितीपत्रक लिहीत आहेत आणि त्यात असं वाक्य आलंय: 'स्वप्रतिपिंडे ही रोगाच्या तीव्रतेची लक्षणे आहेत.' (स्वप्रतिपिंडे म्हणजे आपल्याच शरीरावर उलटलेल्या, रक्तातल्या अँटीबॉडी.) डॉक्टर जिथे 'मार्कर' म्हणतात तिथे 'लक्षणे' लिहिलं तर चालेल का, आणि 'तीव्रता' हा शब्द इथे बरोबर बसतो का, असं त्या विचारतात.

ताई, 'लक्षणे' नको. दुखण्याचं लक्षण म्हटलं की ते अंगाला जाणवणारं किंवा डोळ्यांना दिसणारं असतं. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असणं, टाच ठणकणं, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत फुगणं, नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडणं ही या आजाराची लक्षणं. ती रुग्णाला कळतात, घरच्यांना दिसतात. रक्तातलं प्रतिपिंड मात्र तपासणीशिवाय कुणाला कळत नाही. पत्रकात 'लक्षणे' छापलंत, तर वाचणारा ती आपल्या अंगावर शोधत बसेल.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, यासाठी नेमकी कल्पना आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करायचं. यातल्या धुराला 'लिंग' म्हणतात. तो शब्द आज पत्रकात घालता येणार नाही हे उघड आहे, पण 'मार्कर'चा अर्थ लिहिताना मनात हाच ठेवावा. धूर म्हणजे आग नव्हे आणि आगीचं कारणही नव्हे. मराठीत मग 'खूण' आणि 'निदर्शक' हे दोन शब्द उरतात. 'खूण' सोपा आहे, मला आवडतोही. पण 'खूण पटली' म्हणजे शंका संपली, असा खात्रीचा भाव त्याला चिकटलेला आहे. 'निदर्शक' फक्त बोट दाखवतो, पुढचं डॉक्टरांवर सोडतो. मोर्चातल्या लोकांनाही वर्तमानपत्रं निदर्शकच म्हणतात, तरी रक्ततपासणीच्या वाक्यात तो घोटाळा होणार नाही. म्हणून माझं मत 'निदर्शक'ला.

'तीव्रता' हा खरा अडचणीचा शब्द. वैद्यकीय मराठीत 'तीव्र' हा 'जीर्ण'च्या विरुद्ध, म्हणजे अचानक उद्भवलेल्या आणि थोडे दिवस टिकणाऱ्या दुखण्यासाठी वापरतात. सोरायटिक संधिवात तर वर्षानुवर्षं चालणारा. बोलताना 'तीव्र वेदना' म्हणजे फार वेदना, हा आणखी वेगळा अर्थ. त्यातून या आजारात दोन गोष्टी निराळ्या मोजाव्या लागतात. आज किती सांधे सुजलेत, रक्तातलं सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन किती वाढलंय, त्वचेवर चट्टे किती आहेत, ही झाली आजची परिस्थिती. ती औषधानं खाली येऊ शकते. दुसरी, हाडांचं आतापर्यंत झालेलं नुकसान. एक्स-रेत दिसणारं ते नुकसान सूज उतरली तरी सहसा भरून येत नाही. सातारा-सांगलीकडे आपण या दोन्हींसाठी वेगळं बोलतोच की! 'दुखणं बळावलंय' म्हणतो ते पहिल्यासाठी आणि 'सांधे गेले' म्हणतो ते दुसऱ्यासाठी. 'तीव्रता' या एका शब्दात दोन्ही कोंबलं तर आज सूज नसलेला रुग्ण म्हणेल, माझा आजार तीव्र नाही, औषध कशाला? म्हणून पत्रकात पहिल्यासाठी 'आजाराचा जोर' आणि दुसऱ्यासाठी 'सांध्यांचं नुकसान' असे दोन शब्दप्रयोग ठेवावेत.

त्या नुकसानीला 'झीज' मात्र म्हणू नका. झीज वयानं, वापरानं होते असं आपल्याकडे पक्कं बसलंय आणि गुडघेदुखीच्या प्रत्येक आजीला तोच शब्द सांगितला जातो. इथे सूज हाडाला कुरतडते आणि त्याच वेळी सांध्यालगत नवं हाडही तयार होऊ शकतं. 'झीज' वाचून तिशीतला माणूस हा आपला आजार नव्हे म्हणेल.

आता वाक्याच्या खरेपणाकडे येऊ, कारण शब्द सुधारून चुकीचं वाक्य बरोबर होत नाही. सोरायटिक संधिवात असलेल्या बहुतेकांच्या रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही नेहमी तपासली जाणारी स्वप्रतिपिंडे सापडतच नाहीत. १९७३ साली मॉल आणि राइट या डॉक्टरांनी या आजाराची व्याख्या केली, तेव्हाच आरए फॅक्टर 'बहुधा' नसतो असं म्हटलं होतं. हा आजार गुण देऊन ठरवणाऱ्या २००६ च्या कॅस्पार निकषांत तर आरए फॅक्टर नसण्यालाच एक गुण आहे. म्हणजे इथे अभाव हाच निदर्शक! त्यामुळे 'रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे संधिवात नाही' ही सर्रास होणारी समजूत पत्रकात खोडायलाच हवी. जोर असलेला आजारही निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन येतो.

ज्या थोड्या रुग्णांत अँटी-सीसीपी सापडतं, त्यांच्यात जास्त सांधे धरलेले आणि हाडं अधिक कुरतडलेली असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. पण तसा रिपोर्ट आला की सोरायसिस असलेल्या माणसाला आमवातही (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्यात ही प्रतिपिंडे सहसा सापडतात) झालाय का, हे डॉक्टरांना आधी पाहावं लागतं. एलएल-३७ या छोट्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही काही रुग्णांत आढळली आहेत. ती अजून संशोधनातली गोष्ट आहे, नेहमीच्या तपासणीतली नव्हे.

'स्वप्रतिपिंड' हा शब्द ठेवा, पण एकदा उलगडून सांगा. प्रतिपिंडे सगळी आपलीच असतात. ही आपल्याच शरीरातल्या घटकांवर उलटलेली. आरए फॅक्टर तर प्रतिपिंडावरच उठलेलं प्रतिपिंड आहे. वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशानं असे शास्त्रीय शब्द मराठीत रुळवायला मोठे कष्ट घेतलेत. 'संधिशोथ' हा तिथला शब्द तर फार अचूक आहे, कारण त्यात सूज आहे, वात नाही. पण रुग्णाच्या फाइलवर आणि तोंडी 'संधिवात'च असतो, त्यामुळे पत्रकात तो बदलू नये.

मी वाक्य असं लिहीन: 'या आजारात बहुतेकांच्या रक्तात आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी सापडत नाहीत, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी आजार असू शकतो. काही थोड्या रुग्णांत अँटी-सीसीपी सापडते. सांध्यांचे नुकसान जास्त होण्याच्या शक्यतेचे ते एक निदर्शक असू शकते.' यातलं 'असू शकते' जागा वाचवायला काढू नका. आणि 'निगेटिव्ह'चं 'नकारात्मक' करू नका. प्रयोगशाळेच्या कागदावर 'निगेटिव्ह'च छापलेलं असतं आणि रुग्णाला पत्रकातला शब्द त्या कागदाशी जुळवून पाहता आला पाहिजे.