जुना ८० रकान्यांचा संदेश चालत असताना लष्करी पुरवठ्यात नवे मानक कशासाठी?

अमेरिकी संरक्षण खात्याची जुनी मागणी-पद्धत अजून चालते, मग ती बदलायची कशाला, असा आपला प्रश्न आहे. १९६० च्या दशकातली ‘मिलस्ट्रिप’ ही पद्धत पंचकार्डाच्या, म्हणजे छिद्रे पाडून माहिती नोंदवायच्या जुन्या संगणकी कार्डाच्या, ८० रकान्यांवर बेतलेली आहे. नगसंख्येला तिच्यात २५ ते २९ हे पाचच रकाने मिळतात, त्यामुळे ९९,९९९ च्या वर दारूगोळा मागवायचा झाल्यास शेवटच्या रकान्यात ‘एम’ लिहून आकडा हजारांत आहे असे कळवावे लागते. सुट्या भागाचा स्वतंत्र अनुक्रमांक नोंदवायला तर जागाच उरत नाही, आणि सदोष भाग नेमका कोणत्या विमानात बसला हे शोधताना तोच लागतो.

‘डीएलएमएस’ या नव्या व्यवस्थेत एक्स-१२ या संगणकी देवाणघेवाणीच्या मानकावरचे, कमीजास्त लांबीचे संदेश असतात. मागणीसाठी ‘५११आर’ वापरतात. खरी अडचण संक्रमणकाळाची आहे, कारण दोन्ही प्रणाली शेजारी चालत असताना मधले केंद्र रूपांतर करते आणि जादा माहिती जुन्या बाजूला पोहोचेपर्यंत गळून पडते.

भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यांनी सॉफ्टवेअरआधी प्रत्येक रकाना कोण भरतो आणि कोण वाचतो, याचा अभ्यास करावा, असे मला मनापासून वाटते.