वर्गातल्या मुलांना शिकवण्यात मुलीचा वेळ वाया जातोय का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी नववीत, गणितात वर्गाच्या बरीच पुढे, तासाच्या पहिल्या वीस मिनिटांत उदाहरणं सोडवून मोकळी होते आणि मग मॅडम तिला मागे पडलेल्या तीन मुलांना समजवायला बसवतात, चार महिने जवळपास रोज हेच चाललंय. आधी घरी येऊन हौसेने सांगायची, आता चिडते, "इतकं सोपं आहे तरी कळत कसं नाही यांना" म्हणते. तुम्ही विचारलंय की हे बंद करायला सांगू का, आणि तिला शिकवता येतं म्हणजे तिने शिक्षकच व्हावं का.

बंद करायला लगेच सांगू नका. दुसऱ्याला शिकवताना शिकवणाऱ्याचंही शिकणं होतं हे नुसतं म्हणायला नाही, १९८२ मध्ये कोहेन, कुलिक आणि कुलिक या संशोधकांनी शाळेतल्या ट्युटरिंगचे ६५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा शिकणारी मुलं पुढे गेली होतीच, पण शिकवणाऱ्या मुलांचीही त्या विषयातली समज वाढलेली दिसली. फक्त हा फायदा आपोआप मिळत नाही हो, आणि तुमच्या मुलीचं नेमकं इथंच अडलंय असं मला वाटतं.

रॉस्को आणि ची यांनी २००७ मध्ये शिकवणाऱ्या मुलांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला होता, त्यात दिसलं की बहुतेक मुलं स्वतःला येतं ते नुसतं सांगून टाकतात, स्टेप एक स्टेप दोन, घे लिहून, आणि अशा सांगण्यातून सांगणाऱ्याला फारसं काही मिळत नाही. समोरच्याने "पण असंच का" विचारलं आणि हिला थांबून स्वतःलाच तपासावं लागलं की मग खरी भर पडते. म्हणजे "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे ती पन्नास वेळा सांगत असेल तर त्यात तिचं काहीच शिकणं नाही, पण चिन्ह का बदलतं हे तराजूचं चित्र काढून, दोन्ही बाजूंनी सारखंच काढून घेतो म्हणून, असं पटवून द्यायला लागली की तिचंही बीजगणित पक्कं होतं.

तिच्या चिडण्याला उद्धटपणा समजू नका प्लीज. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला होता, एकाने सगळ्यांच्या ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी गाणी ओळखली जातील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं आणि ऐकणाऱ्याला नुसती टकटक. हा प्रयोग तिला सांगा, घरी करूनही बघा दोघी. आणि मग एवढंच सांगा की उत्तर सांगण्याआधी त्या मुलाला विचार, "तू काय केलंस ते मला दाखव". चूक कुठे झाली ते शोधणं हे तिच्यासारख्या मुलीला कोडं सोडवण्यासारखं वाटेल, राग बराच कमी होईल.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. रोज उरलेला सगळा तास दुसऱ्यांसाठी आणि स्वतःसाठी नवीन काहीच नाही, हे चालणार नाही. ती शाळेत शिकायला येते, तिलाही डोकं खाजवायला लावणारी गणितं मिळाली पाहिजेत, हा तिचा हक्क आहे आणि त्या तीन मुलांना शिकवण्याची जबाबदारी शेवटी मॅडमचीच आहे. पण मॅडमना भेटाल तेव्हा तक्रारीच्या सुरात नको, एवढा मोठा वर्ग सांभाळताना हुशार मुलीची मदत घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. विचारा की आठवड्यात दोन दिवस ती शिकवेल, बाकी दिवस तिला ऑलिम्पियाडच्या धर्तीचे वरच्या पातळीचे प्रश्न द्याल का, आणि कधीकधी जोड्या उलट्या करता येतील का, म्हणजे चित्रकला किंवा भाषेत त्या तिघांपैकी कोणी हिला शिकवेल. नेहमी घेणाऱ्याच्याच जागी बसणं त्या मुलांनाही जड जात असेल, याचा विचार कोणी फारसा करत नाही. आणि हो, मॅडमकडे जायच्या आधी मुलीला विचारा तिला काय हवंय, पत्रात तुमचं आणि मॅडमचं मत आहे, तिचं कुठेच नाही.

करिअरचं म्हणाल तर नववीत शिक्कामोर्तब नको. चांगलं समजावता येतं म्हणजे शिक्षकच, असं नसतं, आणि तिला शिक्षक व्हायचं असेल तर "एवढी हुशार आणि शिक्षक?" असंही म्हणू नका. शिकवताना तिला मजा कशात येते ते बघा. चूक कुठे झाली ते शोधण्यात असेल तर डॉक्टरी, संशोधन, सॉफ्टवेअर टेस्टिंग या सगळ्यात तेच लागतं. चित्र काढून, गोष्ट करून सांगण्यात असेल तर विज्ञानलेखन, डिझाइन. आणि समोरच्याचा चेहरा उजळतो तो क्षणच आवडत असेल तर शिक्षण किंवा समुपदेशन. तिला एक वही करायला सांगा, आज कोण कुठे अडलं आणि मी कसं सांगितलं, रोज दोन ओळी. दहावीनंतर शाखा निवडायची वेळ आली की ती वही घेऊन दोघी या, मार्कशीटच्या आधी मी ती वाचेन.