इंग्रजीतले 'टू' आणि मराठीतले '-कडे'

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न असा आहे: आजी कधी 'हे पैसे काकांना दे' म्हणते आणि कधी 'हे पैसे काकांकडे दे' म्हणते, तर इंग्रजीतल्या 'गिव्ह हिम द मनी' आणि 'गिव्ह द मनी टू हिम' या जोडीसारखीच ही जोडी आहे का? म्हणजे 'काकांना' हे नुसते 'हिम' आणि 'काकांकडे' हे 'टू हिम', असे तू धरले आहेस. तर्क नीट केला आहेस, परंतु तो बरोबर नाही, आणि का बरोबर नाही हे पाहिले की दोन्ही भाषांचे देणे कसे चालते ते उलगडते.

आधी इंग्रजी घेऊ. देण्याच्या क्रियेला दोन कर्मे लागतात, एक दिली जाणारी वस्तू आणि दुसरी ती घेणारी व्यक्ती. कोण घेणारा आणि काय दिले हे ऐकणाऱ्याला कळावे यासाठी इंग्रजीकडे दोनच उपाय आहेत. एक म्हणजे व्यक्तीला क्रियापदाच्या लगेच पुढे बसवून वस्तू तिच्यानंतर ठेवायची, आणि दुसरा म्हणजे वस्तू आधी सांगून व्यक्तीच्या अलीकडे 'टू' लावायचा. या दोहोंपैकी काय निवडायचे हे बहुतेक वेळा ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे यावर ठरते. 'त्याला काय दिलेस?' या प्रश्नाला 'आय गेव्ह हिम द मनी' हे उत्तर शोभते, तर 'पैसे कोणाला दिलेस?' या प्रश्नाला 'आय गेव्ह द मनी टू हिम', कारण नवी माहिती वाक्याच्या शेवटी ठेवण्याकडे इंग्रजीचा कल असतो. लांबलचक कर्मही सहसा शेवटी जाते. पैसे मात्र दोन्ही वाक्यांत त्याचेच होतात.

मराठीत हेच काम नुसत्या क्रमाने होते. 'काकांना पैसे दे' आणि 'पैसे काकांना दे' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, आणि ज्या शब्दावर भर द्यायचा तो सहसा क्रियापदाच्या अगदी अलीकडे येतो. घेणारा कोण हे '-ला', '-ना' हे प्रत्यय सांगत असल्यामुळे शब्द इकडचे तिकडे केले तरी घोटाळा होत नाही. तेव्हा इंग्रजीतल्या त्या दोन वाक्यांचे मराठी जोडीदार ही दोन वाक्ये आहेत, आणि 'टू'चे काम मराठीत '-ला'च करतो, '-कडे' नव्हे.

'-कडे'ने अर्थच बदलतो. 'पैसे काकांना दे' या वाक्यात पैसे काकांचे होतील असे सहज समजले जाते. 'पैसे काकांकडे दे' म्हटले की काका ते सांभाळतील, पुढे कोणाला तरी पोहोचवतील किंवा त्यातून काही काम उरकतील. '-ला'च्या वाक्यातही नुसते हातात सोपवणे बसू शकते, म्हणून प्रत्येक वेळी फरक ठळक दिसेल असे नाही, परंतु '-कडे'च्या वाक्यात मालकी कधीच येत नाही. पडताळा पाहायचा असेल तर 'मी मित्राला वाढदिवसाची भेट दिली' हे वाक्य घे आणि तिथे 'मित्राकडे' घालून पाहा. लगेच वाटेल की वाढदिवस दुसऱ्याच कोणाचा तरी आहे आणि मित्र निरोप्याचे काम करतो आहे. वचन, सल्ला, त्रास, शिवी या गोष्टी कोणाकडे ठेवायला देता येत नाहीत, म्हणून त्या देताना नेहमी '-ला'च लागतो. याउलट लक्ष. आपण 'अभ्यासाकडे लक्ष दे' म्हणतो, कारण लक्ष त्या दिशेने जाते, अभ्यासाच्या मालकीचे होत नाही. (तू मध्यंतरी 'मला लक्ष दे' असे लिहिले होतेस, तिथे 'माझ्याकडे' हवे.)

हा भेद मराठीने आज काढलेला नाही. संस्कृत व्याकरणात ज्याला द्यायचे त्याला 'संप्रदान' म्हणतात आणि त्याची विभक्ती चतुर्थी. परंतु धोब्याला कपडे देतात तेव्हा ते कपडे धोब्याचे होत नाहीत, म्हणून तिथे चतुर्थी न वापरता षष्ठी वापरायची, असे उदाहरण त्या परंपरेत शिकवत आले आहेत. मराठीने षष्ठी न घेता 'धोब्याकडे' असा आपला मार्ग काढला, एवढेच. मला हे उदाहरण फार आवडते, कारण व्याकरण म्हणजे नुसते कोष्टक नसून कोणाचे काय याचा हिशेबही त्यात असतो, हे त्यातून दिसते.

'-कडे'चा आणखी एक उपयोग आहे. मराठीत '-ला' हा प्रत्यय घेणाऱ्याप्रमाणेच जिवंत कर्मालाही लागतो, जसे 'मी बाळाला उचलले'. त्यामुळे देण्याची 'वस्तू'च जर बाळ असेल तर 'बाळाला आजीला दे' असे अवघड वाक्य होते. तिथे आपण 'बाळाला आजीकडे दे' असे म्हणून मोकळे होतो, आणि अर्थही चपखल बसतो, कारण बाळ आजी सांभाळणार असते.

इंग्रजीतही अशा प्रत्ययांची व्यवस्था पूर्वी होती. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत, आणि आजचे 'हिम' हे मुळात चतुर्थीचेच रूप आहे. 'त्याला पाहिले' यातल्या 'त्याला'साठी तेव्हा वेगळे रूप होते. पुढच्या काही शतकांत प्रत्यय झिजले, आणि ते जे सांगत होते ते सांगण्याचा भार शब्दांच्या क्रमावर आणि 'टू'सारख्या शब्दांवर येऊन पडला.

एका ठिकाणी मात्र तुला जपावे लागेल. इंग्रजीत घेणारी व्यक्ती कर्मणी वाक्याची कर्ता होऊ शकते: 'शी वॉज गिव्हन अ प्राइझ'. मराठीत घेणाऱ्याचा '-ला' कधीच सुटत नाही. 'तिला बक्षीस देण्यात आले' असेच म्हणावे लागते, आणि क्रियापद बक्षिसाप्रमाणे चालते. म्हणूनच 'मला वही दिली', 'मला कागद दिला', 'मला पुस्तक दिले', मग घेणारा मुलगा असो की मुलगी. बोलताना तर आपण 'तिला बक्षीस मिळाले' असे म्हणून देणाऱ्याला बाजूलाच ठेवतो.

उलट दिशेची चूक आम्ही मोठी माणसे इंग्रजीत करतो. मराठीत 'मला समजावून सांग' म्हणायची सवय, म्हणून तोंडातून 'एक्स्प्लेन मी धिस' निघते. 'गिव्ह', 'सेंड', 'शो', 'टेल', 'टीच', 'लेंड' ही इंग्रजीची जुनी घरची क्रियापदे व्यक्तीला थेट शेजारी बसवतात, परंतु 'एक्स्प्लेन', 'डिस्क्राइब', 'डोनेट' अशी लॅटिनकडून आलेली पुष्कळशी क्रियापदे 'टू'शिवाय तिला जवळ येऊ देत नाहीत. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' हे त्याला अपवाद. 'आस्क'चे उलटे आहे: तिथे 'आस्क्ड हिम अ क्वेश्चन' हेच रूढ, आणि 'आस्क्ड अ क्वेश्चन टू हिम' असे आपल्याकडे पुष्कळ लोक म्हणत असले तरी तू तसे लिहू नकोस.

तुझा
बाबा