वाहिनीवरची कलमं, शेगडीचं जेट आणि लपवलेला ओरखडा

'गेल' या सरकारी कंपनीची शेतातून जाणारी मुख्य वायूवाहिनी आणि स्वयंपाकघरात येणारी बारीक नळी यांची गल्लत जवळपास प्रत्येक पत्रात दिसते. दोन्हींत वायू तोच, मुख्यतः मिथेन. दाब, वास आणि जबाबदार कंपनी मात्र वेगळी. माझी सारी नोकरी मुख्य वाहिन्यांच्या देखभालीत झाली. त्या अनुभवातून ही उत्तरं देतो आहे.

प्रश्न : घरात पाइप गॅस आहे. बिलाची तक्रार गेलकडे करायची ना? (ठाणे)

नाही. गेल ही केंद्र सरकारची कंपनी, स्थापना 1984 ची. तुमच्याकडे घरोघरी पुरवठा महानगर गॅस करते. तिच्यात गेलचा वाटा असला तरी कंपनी वेगळी आहे. बिल घेऊन तिच्याकडेच जा.

प्रश्न : सिलिंडरची शेगडी पाइप गॅसवर तशीच चालेल? (पुणे)

नाही, जेट, म्हणजे बर्नरला वायू सोडणारं बारीक भोकाचं तोंड, बदलावं लागतं, आणि ते वितरण कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. खिळ्याने भोक मोठं करू नका.

प्रश्न : नवीन ओटा करताना वरचा झरोका बुजवायचा आहे. 'गॅस खाली साचतो, खालची फट पुरे,' असं सुतार म्हणतो. (नवी मुंबई)

सुतार सिलिंडरच्या गॅसबद्दल सांगतो आहे. तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली बसतो. मिथेन हवेपेक्षा पुष्कळ हलका. तो छताकडे जातो. वरचा झरोका बुजवलात तर गळलेला वायू वरच कोंडेल. मीटरही बंद कपाटात घेऊ नका. काम सुरू करण्याआधी वितरण कंपनीला आराखडा दाखवा.

प्रश्न : आमच्या जमिनीतून दाभोळहून निघालेली वाहिनी गेली आहे. 'जमीन आता कंपनीची,' असं शेजारी म्हणतात. त्या पट्ट्यात हापूसची कलमं लावून कडेने चिऱ्याचा गडगा घालायचा आहे. पाया जेसीबीने खणू का? (रत्नागिरी जिल्हा)

जमीन तुमचीच आहे. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. वाहिन्यांसाठीच्या 1962 च्या कायद्याने कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क, आणि त्यासाठी सरकार अधिसूचना काढतं. त्यापोटी अधिसूचनेच्या वेळच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम आणि पिकाचं, झाडांचं झालेलं नुकसान मिळतं. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. हे मिळालं नसेल तर अधिसूचनेची प्रत काढून वकिलाला दाखवा.

पण त्या पट्ट्यात झाड, बांधकाम, विहीर, तळं यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणजे कलमं नाहीत आणि गडगाही नाही. भात, नाचणी, कुळीथ खुशाल करा.

आता जेसीबी. शेतकऱ्यांना वाटतं, पाइप फुटला तरच संकट. मला भीती वाटते ती न फुटलेल्या पाइपची. बकेटचा दात पोलादावरच्या लेपाला घासतो, चालक खाली वाकून बघतो, वायू येत नाही, आणि माती लोटून सगळे घरी जातात. लेप गेला तिथे ओल पोलादाला भिडते आणि गंज धरतो. गंजाविरुद्ध वाहिनीला विजेचं संरक्षण असतं, पण ओरखड्याबरोबर पाइपला पोचा पडला असेल तर ते काही करू शकत नाही. गंज काय करतो ते 27 जून 2014 ला आंध्रातल्या नगरम गावात दिसलं. तिथे जेसीबीचा संबंध नव्हता. कोरड्या वायूसाठी बांधलेल्या गेलच्या वाहिनीतून ओलसर वायू जात राहिला, पोलाद गंजलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. म्हणून हात जोडून सांगतो, ओरखडा उठला तर त्याच दिवशी कळवा. दंडाच्या भीतीने माती ओढू नका.

दुसरं, वासाची वाट पाहू नका. मरकॅप्टन या रसायनाचा कुजकट वास शहराच्या वेशीवरच्या केंद्रात मिसळतात. शेतातल्या वाहिनीतल्या वायूला बहुधा वास नसतो. फुसफुस आवाज, आपोआप उडणारी धूळ, डबक्यात बुडबुडे, हिरव्या गवतात वाळलेला पट्टा, यांपैकी काहीही दिसलं की लांब जा, गाड्या थांबवा आणि खुणेच्या खांबावरच्या क्रमांकावर फोन करा.

गडग्यासाठी पट्ट्याबाहेरची जागा निवडलीत तरी आधी कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचा माणूस हजर असतानाच खणा. 'वाहिनी खोल आहे,' असं चालक सांगेल. ती साधारण मीटरभरच खाली असते, आणि पावसाने माती वाहून गेली असेल तर त्याहून वर.

प्रश्न : एक माणूस 'सरकारी तपासणी' म्हणून आला आणि नळी बदलून दोन हजार घेऊन गेला. (नाशिक)

तपासणीच्या नावाखाली केलेली ही विक्री आहे. ओळखपत्र पाहून, कंपनीच्या क्रमांकावर स्वतः फोन केल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका. त्याने बसवलेली नळी कंपनीकडून तपासून घ्या आणि पोलिसांत तक्रार द्या.

प्रश्न : स्वयंपाकघरात दोन दिवस मंद वास येतो आहे. रविवारी घरी असेन तेव्हा तक्रार करू का? (पिंपरी)

आत्ता. मुख्य झडप बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचं बटण दाबू नका. बाहेर या आणि आपत्कालीन क्रमांकावर बाहेरूनच फोन करा.