कंट्रोलसोबत झेड, एक्स, सी, व्ही हीच बटणं का निवडली?

मुख्य कारण म्हणजे ही चारही बटणं क्वर्टी कीबोर्डवर खालच्या ओळीत शेजारी-शेजारी आहेत, डाव्या हाताने कंट्रोल धरून सहज दाबता येतात आणि उजवा हात माउसवरच राहतो. कट-कॉपी-पेस्टची पद्धत १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या रिसर्च सेंटरमध्ये लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये (मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये) बसवली, नंतर टेस्लर ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरवर ही बटणं आली, फक्त तिथे कंट्रोलऐवजी ॲपल की होती. एक्स म्हणजे खोडल्याची फुली म्हणून कटला, सी कॉपीचा, व्ही म्हणजे मध्ये शब्द घुसवायची उलटी खूण म्हणून पेस्टला, आणि झेड बाजूलाच होता म्हणून अनडूला.

खरी कमाल मला बटणांपेक्षा जिप्सीमध्ये वेगवेगळे मोड काढून टाकण्यात वाटते. त्याआधीच्या ब्राव्हो एडिटरमध्ये टाइप करायचा मोड वेगळा आणि कमांडचा वेगळा, त्यामुळे चुकून कमांड मोडमध्येच इंग्रजी 'एडिट' शब्द टाइप केला की ई ने सगळं सिलेक्ट, डी ने डिलीट, आय ने इन्सर्ट आणि शेवटी उरायचा फक्त एक टी, बाकी अख्खं डॉक्युमेंट गायब! टेस्लर यांना या मोड्सची इतकी चीड होती की गाडीची नंबरप्लेटच त्यांनी 'नो मोड्स' अशी घेतली होती.

फक्त शेजारचं लॉजिक सगळीकडे लागू नाही, जर्मन कीबोर्डवर झेड आणि वायची अदलाबदल असते, तिथे अनडूसाठी बोट वरच्या ओळीत न्यावं लागतं.