नाळरक्ताच्या पिशवीचं काय करायचं?

प्रश्न: 2019 मध्ये मुलीच्या जन्मावेळी खासगी बँकेत तिचं नाळरक्त साठवलं. आता अडीच वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा गंभीर जन्मजात आजार आहे आणि बहिणीचा एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळावा लागणारा पेशींचा प्रकार, जुळला आहे. डॉक्टरांनी पिशवी मागवली, तर बँक म्हणते की जिवंत पेशी फार कमी आहेत. फी परत घ्या, पावतीवर सही करा. करारानुसार बँकेची जबाबदारी फीपुरतीच आहे आणि वाद झाला तर तो कोर्टाऐवजी लवादापुढे, तोही चेन्नईत. आम्ही नाशिकला राहतो.

उत्तर: ताई, आधी त्या पावतीवर सही करू नका. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर एकदा सही झाली की पुढचं सगळं भांडण त्या सहीपाशीच अडतं.

दुसरं काम आजच करा. ‘पिशवी नष्ट करू नये, आमच्या लेखी संमतीशिवाय वितळवू नये’ असं पत्र ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हीने पाठवा. उणे 196 अंशांवरची पिशवी एकदा वितळली की पुन्हा गोठवून वापरता येत नाही. पिशवीला रक्ताने भरलेले नळीचे छोटे, बंद केलेले तुकडे जोडलेले असतात, ते तपासणीसाठीच. त्यातला एक दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, असं डॉक्टरांकडून लेखी मागवा.

सोबत 2019 चा मूळ अहवाल, आताचा अहवाल आणि टाकीच्या तापमानाच्या नोंदी मागा. औषध नियमांखाली परवाना घेतलेल्या बँकेला पेशींची संख्या, त्या किती जिवंत आहेत आणि जंतुसंसर्ग आहे का, हे तपासून नोंदवावंच लागतं. तुमची सगळी केस एका प्रश्नावर उभी आहे: पेशी सुरुवातीलाच कमी होत्या, की टाकीत मेल्या? सुरुवातीलाच कमी असून तुम्हाला अंधारात ठेवून फी घेतली असेल, तर ती अनुचित व्यापारी प्रथा. नंतर मेल्या असतील, तर सेवेतली त्रुटी. घरची जुनी फाईलही नीट चाळा. पेशींचा तो कमी आकडा 2019 मध्येच तुमच्या हाती आला असेल, तर ‘तक्रारीची दोन वर्षांची मुदत कधीच संपली’ असं बँक म्हणेल. मग विलंबमाफीचा अर्ज तक्रारीसोबतच जोडावा लागेल.

चेन्नईची काळजी सोडा. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात मान्य केलं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात, तक्रार करता येते. भरलेली फी पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पिशवी जपून ठेवण्याचा अंतरिम आदेशही तिथेच मागा.

‘जबाबदारी फीपुरतीच’ हे कलम मात्र हलक्यात घेऊ नका. कुरियरच्या एका खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं कलम मान्य केलं होतं. उलट 2019 मध्ये पायोनियर अर्बनच्या निकालात बिल्डरने लादलेल्या एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत, असं म्हटलं. आपला युक्तिवाद या दुसऱ्या निकालावर उभा करायचा. तरी मोठ्या भरपाईसाठी नेमकं नुकसान दाखवावं लागेल, आणि ते तुमच्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांचं शपथपत्रच दाखवू शकेल.

आणि एक मनापासून सांगते. पिशवी गेली म्हणून मुलाची वाट बंद झाली असं समजू नका. जुळणारी बहीण घरातच आहे. तिची अस्थिमज्जा (हाडांतला गर) प्रत्यारोपणासाठी घेता येईल का, याबद्दल डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. प्रत्यारोपणाच्या खर्चासाठी कोल इंडियाच्या मदतीने चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेचीही चौकशी करा. आयोगातल्या तारखा सुरू राहतील, उपचार त्यांच्यासाठी थांबवू नका.